दिलेली उंची सोडली तर दोष कोणाचा?

परभणीचा मास्तर
दिवाळीला भाचा घरी आला होता. विमान चालवायचं शिकतोय. जेवताना म्हणाला, "मामा, जमिनीवरच्या नियंत्रकानं दिलेली उंची वैमानिकाकडून चुकून सुटली आणि त्यानं स्वतःहून सांगितलं, तर त्याला शिक्षा करू नये." मला पटलं नाही. हात वाळेपर्यंत वाद चालला.

12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं धडकली. सौदीचं बोइंग 747 दिल्लीहून निघून वर चढत होतं, त्याला 14 हजार फुटांची उंची दिलेली. कझाकस्तानचं इल्युशिन 76 दिल्लीकडे उतरत होतं, त्याला 15 हजार. ते 15 हजारांवर थांबलंच नाही, खाली आलं. 349 माणसं गेली, एकही वाचलं नाही. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीनंही मूळ कारण हेच धरलं.

आपल्याकडे क्रॉसिंग म्हणजे काय हे लेकरालाही कळतं. समोरची गाडी येईस्तोवर आपली गाडी सेलूला नाहीतर मानवत रोडला उभी. जीव वैतागतो, पण ड्रायव्हर सिग्नल तोडत नाही. विमानांचं क्रॉसिंग वर-खाली होतं, एवढाच फरक. दिलेली उंची हाच त्यांचा सिग्नल. तोडणाऱ्याला माफी कशाची?

लातूरची ताई
मास्तर, त्याच अपघातातलं बाकीचंही बघा. तेव्हा दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच हवाई मार्ग होता, म्हणजे तुमचा एकेरी रूळच. नियंत्रकाच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसायचं, किती उंचीवर आहे ते नाही. वैमानिक सांगेल तीच उंची खरी धरायची. कझाक विमानात नियंत्रकाशी इंग्रजीत बोलायचं काम रेडिओ ऑपरेटरचं, आणि त्याच्यापुढे उंचीचा काटाच नव्हता. वैमानिकांच्या खांद्यावरून वाकून बघायचं! समोरच्या विमानाची उंची म्हणून 14 हजारांचा आकडाही त्याच संभाषणात आला होता, तो आपल्यासाठीच आहे असं कुणालाही वाटू शकतं. टक्कर टाळायचा इशारा देणारी टीकॅस यंत्रणा आपल्या देशानं सक्तीची केली ती या अपघातानंतर. एवढ्या सगळ्या फटी होत्या, आणि दोष फक्त त्या मेलेल्या माणसांचा?

ट्रॅव्हल्सवाला, गंगाखेड
मी मास्तरांच्या बाजूनं. 27 वर्षं स्टिअरिंगवर आहे. रस्ता खराब, पाटी नाही, धुकं, सगळं मान्य. पण क्लीनरनं "जाऊ द्या" म्हटलं म्हणून मी आरशात न बघता गाडी काढत नाही. रेडिओवाल्याला काटा दिसत नव्हता, पण चालवणाऱ्याला तर दिसत होता ना ताई? कारणं मोजत बसलं की चालवणारा कशालाच जबाबदार उरत नाही.

चिकलठाण्याहून
काका, आमच्या गावच्या विमानतळावरचा अपघात आठवा. 26 एप्रिल 1993. बोइंग 737, आत 118 जण. धावपट्टीच्या टोकापलीकडे बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठींचा ट्रक चालला होता, उठत्या विमानाचं चाक त्याला धडकलं. पुढे विजेच्या तारा. 55 जण गेले. चौकशीत वैमानिकांची चूक निघाली: विमानाचं नाक उचलायला उशीर केला, आणि उचलण्याची पद्धतही चुकली. पण त्याच चौकशीनं हेही सांगितलं की रस्त्यावरच्या वाहतुकीवर नियंत्रण नव्हतं. नुसतं वैमानिकांना दोषी ठरवून फाईल बंद केली असती, तर गाठींचे ट्रक तिथून तसेच जात राहिले असते.

नांदेडकर
माझं काम विमानतळावरचं आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. उंचीमापक हवेच्या दाबावर चालतो. दाबाचा आकडा एका हेक्टोपास्कलनं (हे दाब मोजायचं एकक) चुकीचा लावला की साधारण 30 फुटांचा फरक पडतो, दहानं चुकला की 300. वैमानिकाला काट्यावर सगळं बरोबरच दिसतं. 'टेन थाउजंड' आणि 'इलेव्हन थाउजंड' ऐकण्यातला घोळ तर इतका जुना की आकडे सुटे करून 'वन झिरो', 'वन वन' असे बोलतात. अशी चूक होऊन काहीच घडलं नाही, तर ज्याच्या हातून झाली तो बोलल्याशिवाय तिचं कारण कुणाला कळणार? भाच्याचं म्हणणं एवढंच आहे.

आणि मास्तर, कधी कधी दिलेली उंची सोडणं हेच कर्तव्य असतं. 1 जुलै 2002, जर्मनीतलं युबरलिंगन. रशियन विमानाला टीकॅस सांगत होतं वर जा, नियंत्रक सांगत होता खाली उतरा. त्यांनी नियंत्रकाचं ऐकलं. समोरचं मालवाहू विमान मात्र टीकॅसचं ऐकून खालीच निघालं होतं. 71 जण गेले, त्यात कितीतरी शाळकरी मुलं. आता नियम पक्का आहे: टीकॅस सांगेल तसं आधी करा, मग नियंत्रकाला कळवा. तुमचं रेल्वेच्या सिग्नलचं उदाहरण इथं लागू होत नाही.

परभणीचा मास्तर
शाळकरी मुलांचं वाचून रात्री झोप लागली नाही. सगळी उमर शाळेत गेली माझी. टीकॅसमुळे उंची सोडली तर दोष नाही, हे मान्य. चुकून सुटली आणि लगेच सांगितली, तर तिथंही भाच्याचं ऐकायला तयार आहे. पण सुटली आणि लपवली, त्याचं काय? विमानातल्या रेकॉर्डरमध्ये उंची नोंदली जाते, ती कुणीतरी वाचलीच पाहिजे. तिथं माफी नाही.

ट्रॅव्हल्सवाला, गंगाखेड
लपवणाऱ्याचं लायसन्सच काढा, तिथं मी तुमच्यासोबत. पण नांदेडच्या भाऊंचं वाचल्यापासून एक गोष्ट मनात आहे, ती लिहून टाकतो. दहाएक वर्षांपूर्वी ब्रेक लायनर झिजलेत म्हणून मी स्वतः मालकाला सांगितलं. त्यानं गाडी उभी केली आणि चार दिवसांचा पगार माझाच कापला. पुढच्या वर्षी लायनर परत झिजले. तेव्हा मी काही बोललो नाही. भरलेली गाडी तशीच पुण्याला नेली. मास्तर, भाच्याला हे सांगा.