एकटीच बडबडत खेळणारी मुलगी आणि संध्याकाळचा टीव्ही

प्रश्न (खानापूर):
माझी मुलगी चार वर्षांची आहे. दुपारभर ती पाट एकामागे एक मांडून खानापूर-बेळगाव बस चालवते, बाहुल्यांना तिकिटे देते आणि कंडक्टर झाली की ‘मुंद होग्री’ (पुढे चला) असे कन्नडमध्ये ओरडते. बाहुलीची आई झाली की पुन्हा मराठीवर येते. सासूबाईंना तिच्या या बडबडीची काळजी वाटते आणि त्या वेळात अक्षरे गिरवून घ्यावीत, असे घरातल्यांचे म्हणणे आहे. माझ्याने तो खेळ मोडवत नाही. शिवाय स्वयंपाकाच्या वेळी टीव्ही लावावाच लागतो. तेव्हा कार्यक्रम कसा निवडावा?

उत्तर (बेळगाव, बालवाडी शिक्षिका):
ताई, खेळ मुळीच मोडू नका. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी 1933 मध्ये मांडले होते की, अशा खेळात मूल मनाला येईल तसे न वागता भूमिकेचा नियम पाळते. आपली मुलगी कंडक्टर असताना बसावेसे वाटले तरी उभी राहत असेल, तर तो संयम ती कोणी न सांगता कमावत आहे. पाटाला बस मानणाऱ्या मुलाला पुढे रेघांच्या आकाराला ‘क’ मानणे अवघड जात नाही, हा माझाही अनुभव आहे. आणि कुठे कोणती भाषा बोलायची याची तिची जाण तर फारच सुंदर आहे!

उत्तर (निपाणी):
कार्यक्रम संथ असावा. 2011 मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या 60 मुलांवर झालेल्या प्रयोगात, भराभर दृश्ये बदलणारे कार्टून केवळ नऊ मिनिटे पाहिलेली मुले लगेच घेतलेल्या चाचण्यांत, चित्रे काढत बसलेल्या मुलांपेक्षा मागे पडली. हा परिणाम किती काळ टिकतो, हे मात्र त्यात तपासलेले नव्हते. तिथेच फ्रेड रॉजर्स यांनी 1968 ते 2001 या काळात मुलांसाठी कार्यक्रम केला. ते घरात येत, स्वेटर चढवत, बूट बदलत, प्रश्न विचारून उत्तरासाठी खरोखर थांबत. आणि कल्पनेच्या गावाला जायचे झाले की छोटी ट्रॉली येई, त्यामुळे खरे कुठे संपले हे लहानग्यांनाही कळे. कार्यक्रम संपल्यावर मूल पुन्हा खेळाकडे वळते का, एवढे पाहावे.

उत्तर (चिक्कोडी):
जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनेनुसार या वयात दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको. अक्षरांचे म्हणाल तर ती बसच्या पाटीवर येऊ द्यावीत: मच्छे, पिरनवाडी, बेळगाव. मराठीत आणि कन्नडमध्येही.