मदत हवी आहे: मिऱ्याचा वास न लागता शिराझ आणि माल्बेक वेगळी कशी ओळखायची?

पणजीत आम्ही चौघे दर पंधरवड्याला रेड वाईनचं ब्लाइंड टेस्टिंग करतो, म्हणजे लेबल न बघता चव घेऊन द्राक्षाची जात ओळखतो. कॅबर्ने, पिनो न्वार बहुधा जमतात. शिराझ आणि माल्बेकमध्ये मात्र माझी गल्लत ठरलेली.

पद्धत अशी: बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आयएसओ ग्लासात (वाईन चाखायचा प्रमाणित ग्लास) ५० मिली. इथल्या उकाड्यात ग्लासातली वाईन बघता बघता २५ अंशांवर जाते आणि नुसती दारू नाकात चढते, म्हणून बाटली फ्रिजमध्ये ठेवून १७ अंशांवर ओततो. घरात फोडणी-मासळी नाही, अत्तर नाही.

शिराझमधला मिऱ्याचा वास रोटंडोन या वासाच्या द्रव्यामुळे येतो आणि साधारण पाचातल्या एकाला तो लागतच नाही. मी त्यातला असावा. मिरपूड हुंगली तर वास येतो, पण मिऱ्यात इतरही वास भरपूर, त्यामुळे ती चाचणी फोल. शिवाय उष्ण भागातल्या शिराझमध्ये रोटंडोन मुळात कमीच.

कडेची जांभळट-गुलाबी झाक बघून माल्बेक म्हणून पाहिलं. कोवळी शिराझही तशीच दिसते, दोनदा फसलो. आलुबुखारा, व्हॅनिला दोन्हीत. ओकच्या पिंपाने तर सगळंच झाकतं.

बाटल्या नाशिकची शिराझ, ऑस्ट्रेलियन शिराझ आणि अर्जेंटिनातल्या मेंदोझाची माल्बेक, सगळ्या दोन-तीन वर्षांच्या. जुन्या किंवा फार महाग बाटल्या सुचवू नका.

नाक बाजूला ठेवून, फक्त तोंडात काय तपासू? टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरटपणा) हिरड्यांवर नेमकं कुठे आणि कसं जाणवतं, आंबटपणा किती टिकतो, की घोटानंतरचा कडवटपणा? तुम्ही आधी काय बघता?