पिपच्या मोबिलिटी भागाबाबत ट्रायब्युनलकडे अपील करावे का? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

मी आणि माझी पत्नी इंग्लंडमध्ये राहतो. अकरा वर्षांपूर्वी तिला मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झाले. तिला पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट (आजारपण किंवा अपंगत्वामुळे मिळणारा सरकारी भत्ता), म्हणजे इथे सगळे ज्याला पिप म्हणतात ते, दोन्ही भागांसाठी मिळत होते: दैनंदिन जगण्यासाठीचा भाग साध्या दराने आणि मोबिलिटीचा, म्हणजे हालचालीसाठीचा, भाग वाढीव दराने. अलीकडच्या फेरतपासणीत पहिला भाग जसाच्या तसा राहिला आणि मोबिलिटीचा भाग मात्र पूर्णपणे बंद झाला. आम्ही महिन्याच्या आत मँडेटरी रीकन्सिडरेशन, म्हणजे अपिलाआधी भत्ता देणाऱ्या सरकारी विभागाकडेच करावी लागणारी फेरविचाराची मागणी, केली. त्याचे उत्तर परवा आले असून मूळ निर्णयात काहीही बदल झालेला नाही. आता त्या पत्रावरील तारखेपासून एका महिन्याच्या आत अपील दाखल करावे लागेल.

प्रश्न नुसत्या पैशांचा नाही, जरी २०२५-२६ मध्ये वाढीव दर आठवड्याला ७७.०५ पौंड आणि साधा दर २९.२० पौंड असल्याने ती रक्कमही लहान नाही. मोटॅबिलिटी योजनेतून (भत्त्याच्या मोबदल्यात गाडी देणारी योजना) घेतलेली गाडी वाढीव दरावरच मिळते, त्यामुळे ती परत करावी लागेल, आणि त्या गाडीशिवाय तिचे कामावर जाणे थांबेल.

पिप ठरवताना ठरावीक कृतींसाठी गुण देतात; त्यातल्या बाराव्या कृतीत, म्हणजे ‘चालणे-फिरणे’ या सदरात, तिला ४ गुण दिले आहेत. त्याचा अर्थ ती उभी राहून ५० मीटरपेक्षा जास्त, पण २०० मीटरपर्यंत चालू शकते असा होतो. साध्या दराला ८ आणि वाढीव दराला १२ गुण लागतात. आधीच्या निर्णयात तिला याच सदरात १२ गुण होते, कारण २० मीटरच्या पुढे तिला जाता येत नाही हे तेव्हा मान्य झाले होते. आजार बरा होणारा नाही, उलट डावा पाय आता अधिकच घासत चालतो, आणि तरीही कागदावर तिचे चालणे सुधारले आहे.

हे कसे झाले ते अहवालाची प्रत मागवून वाचल्यावर कळले. तपासणी फोनवर झाली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात कशा जाता, असे विचारल्यावर हिने “जाते हळूहळू, जमतं” या अर्थाचे उत्तर दिले. दुकान आमच्या दारापासून साधारण ९० मीटरवर आहे. अहवालात ‘दुकानापर्यंत चालत जाते, जमते’ एवढेच उतरले आणि गुण त्यावरूनच ठरले. हातात काठी असते, वाटेत एका घराच्या कठड्यावर दोनदा बसावे लागते, परत आल्यावर उरलेला दिवस सोफ्यावर जातो आणि आठवड्यातून एखाद्या वेळीच हे साधते, यातले काहीच तिने सांगितले नाही आणि समोरच्या व्यक्तीने विचारलेही नाही. आपल्याकडे आजारपणाचे रडगाणे गाणे बरे दिसत नाही. कुणी कसे आहात विचारले की तोंडातून “बरं आहे” हेच आधी निघते. मी शेजारीच बसलो होतो आणि मध्ये बोललो नाही, ही चूक माझीही आहे.

निर्णयाचे पहिले पत्र आल्या दिवसापासून मी २८ दिवसांची नोंद ठेवली. शेजाऱ्यांकडून लांब टेप आणून रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांमधले अंतर मोजले, म्हणजे अंदाजाला जागा राहू नये. २८ पैकी १७ दिवस ती २० मीटरच्या आत थांबली, ७ दिवस काठीच्या आधाराने ३५ ते ४५ मीटर गेली आणि ४ दिवस घराबाहेर पडू शकली नाही.

मला मुख्यतः तीन गोष्टी विचारायच्या आहेत. निर्णयानंतर ठेवलेली ही नोंद आणि न्यूरॉलॉजिस्टचे आता मिळणारे पत्र ट्रायब्युनल विचारात घेते का? फोनवर तिने स्वतःच “जमतं” म्हटलेले असताना आता वेगळे सांगितले, तर ते खोटे समजले जाईल का? आणि अपील केल्याने दैनंदिन भागाचा चालू असलेला लाभही धोक्यात येतो का? या तिसऱ्या भीतीमुळे ती अपील नकोच म्हणते आहे.

प्रतिसाद

मी काही वर्षे एका सल्ला केंद्रात स्वयंसेवक म्हणून अपिलांची कागदपत्रे तयार करायला मदत केली आहे, त्या आधारावर लिहितो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. वहिनींनी सांगितलेले खोटे नव्हते आणि आता सांगाल तेही खोटे नाही. नियम केवळ ‘जमते का’ एवढेच विचारत नाही. २०१३ च्या पिप नियमावलीतील नियम ४ प्रमाणे एखादी कृती सुरक्षितपणे, स्वीकारार्ह रीतीने, गरज पडेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळात करता आली, तरच ती करता येते असे धरायचे असते. वाजवी वेळ म्हणजे निरोगी माणसाला जास्तीत जास्त जेवढा वेळ लागेल त्याच्या दुपटीपेक्षा अधिक नाही. दुकानापर्यंत एकदा जाऊन दिवसभर पडून राहणे हे ‘गरज पडेल तितक्या वेळा’ या कसोटीला उतरत नाही. त्यामुळे अपिलात ‘अहवाल चुकीचा आहे’ एवढेच लिहू नका. ती एक फेरी पायरीपायरीने लिहा: कुठे थांबते, किती मिनिटे बसते, पाय केव्हा घासू लागतो, परतल्यावर काय होते, दुसऱ्या दिवशी काय होते. कधी पडल्या असतील तर तारखेसह लिहा, कारण सुरक्षिततेचा विचार करताना इजा होण्याची शक्यता आणि इजा झाली तर ती किती गंभीर असेल, या दोन्ही बाजू पाहाव्या लागतात.

तुमची नोंद चांगली आहे. नियम ७ नुसार जे वर्णन निम्म्याहून अधिक दिवसांना लागू पडते ते धरले जाते. तुमचे २८ पैकी १७ दिवस म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि एक मीटरच्या पुढे पण २० मीटरच्या आतच चालता येणे याला १२ गुण आहेत. काठीने २० ते ५० मीटर चालण्याला १० गुण आहेत, म्हणजे तेवढेच मान्य झाले तरी साधा दर मिळेल.

पहिल्या प्रश्नाबद्दल: ट्रायब्युनल मूळ निर्णयाच्या तारखेला जी परिस्थिती होती तीच पाहते. पुरावा नंतरचा चालतो, मात्र तो त्या काळाबद्दल बोलणारा हवा. डॉक्टरांना नुसते निदान लिहायला सांगू नका, ते विभागालाही मान्यच आहे. निर्णयाच्या सुमारास चालण्याची क्षमता कशी होती आणि थकवा कसा येतो, हे त्यांनी लिहावे. तुमच्या नोंदीसोबतही ‘त्या वेळीही असेच होते’ असे वहिनींचे सहीचे निवेदन जोडा.

तिसरी भीती निराधार नाही. ट्रायब्युनलला दैनंदिन भागाकडेही पाहण्याचा अधिकार आहे. पण असे काही मनात असल्यास तशी पूर्वसूचना देऊन तुम्हाला विचार करायला संधी देणे अपेक्षित असते आणि तेव्हा अपील मागे घेण्याची परवानगी मागता येते. वहिनींचे त्या भागातले गुण अगदी काठावर आहेत का, हे आधी तपासा. तसे असेल तर सिटिझन्स ॲडव्हाइस (मोफत सल्ला देणारी संस्था) किंवा जवळच्या लॉ सेंटरमधल्या (कायदेविषयक मदत केंद्रातल्या) सल्लागाराला सगळे कागद दाखवल्याशिवाय अर्ज पाठवू नका, पण मुदतही चुकवू नका.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

मनापासून आभार. दैनंदिन भागात तिला ९ गुण आहेत, साध्या दराला ८ लागतात, म्हणजे फार सैल नाही. उद्याच सल्लागाराची वेळ घेतो. सुनावणी प्रत्यक्ष मागावी की कागदपत्रांवरच निर्णय मागावा? तिला इंग्रजी येते, पण दडपण आले की ती पुन्हा “जमतं”वरच येईल.

प्रतिसाद

प्रत्यक्ष, फोनवरील किंवा व्हिडिओ सुनावणी मागा. नुसत्या कागदांवर निर्णय मागू नका, कारण तुमचा सगळा वाद एका उत्तराच्या अर्थाबद्दल आहे आणि त्याचा खुलासा वहिनींनी स्वतः केलेलाच बरा. अशा अपिलात साधारणपणे एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेले एक सदस्य असे तिघे असतात. मराठी दुभाषा हवा असेल तर अर्जातच तसे लिहा, त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. तुम्हीही सोबत राहून जे रोज पाहता ते सांगू शकता.

आणखी एक. अपील दाखल झाल्यावर विभागाकडून फोन येऊन साधा दर देऊ केला जाण्याची शक्यता असते. फोनवर लगेच होकार देऊ नका, वेळ मागून घ्या. नवा निर्णय आधीपेक्षा चांगला असला की चालू अपील तिथेच संपते आणि वाढीव दरासाठी त्या नव्या निर्णयावर पुन्हा अपील करावे लागते.