प्रतिसाद: दुखण्याआधी थांबा
कंबरदुखी असताना घरकाम कसं करावं या चर्चेत ‘कंबर दुखायला लागली की बसायचं’ असं सुचवलंय. गफलत तिथेच होते. तोवर उशीर झालेला असतो.

पोळ्यांचंच घ्या. ओट्याशी उभं राहिल्यापासून दुखणं वाढेपर्यंतची मिनिटं तीन दिवस मोजा, त्यात एक वाईट दिवस हवाच. समजा १४, ९ आणि १३ आली. सरासरी १२, तिचे ८० टक्के म्हणजे साधारण साडेनऊ मिनिटं. मोबाइलवर नऊ मिनिटांचा गजर लावा. वाजला की पोळी अर्धी लाटलेली असली तरी बसा (हेच सगळ्यात जड जातं!). पाच मिनिटांनी पुढच्या पोळ्या. कणीक आधीच मळून ठेवलेली बरी.

आठवडाभर जमलं तर एकच मिनिट वाढवा. बरं वाटतंय म्हणून त्याच दिवशी माळा आवरायला काढलात, तर पुढचे दोन दिवस अंथरुणात जाऊ शकतात.