बंद शाखामार्ग पुन्हा उभारताना: सडलेले स्लीपर निवडून बदलावेत की सगळा पट्टा उखडावा?

घाटवाट (प्रश्न)
इंग्लंडमध्ये 1960च्या दशकात बंद पडलेल्या एका शाखामार्गावर आमचा स्वयंसेवकांचा गट वारसा रेल्वेसाठी रूळ दुरुस्त करतोय. पुढचा तुकडा 400 मीटरचा. ब्रॉडगेज नाही, तिकडचं 1435 मिमीचं गेज (दोन रुळांमधलं अंतर). यार्डाला 95 पौंडी बुलहेड (सपाट तळ नसलेले) रूळ, लांबी 60 फूट, रूळ धरणाऱ्या बिडाच्या चेअर, त्यात रूळ घट्ट बसवायला ओकच्या चाव्या म्हणजे पाचरी, एका लांबीत 24 स्लीपर (रुळांखालच्या आडव्या लाकडी तुळया). अंदाजे तिसरा हिस्सा स्लीपर गेलेत. निम्मा तुकडा भरावावर, निम्मा खोदाईत, आणि खोदाईत हिवाळ्यात खडीतून चिखल वर येतो. शनिवार-रविवारी आठ-दहा माणसं आणि एक लहान एक्स्कॅव्हेटर मिळतो. गाड्यांचा वेग 25 मैलांच्या वर जाणार नाही. सुरुवात कुठून करावी?

मोरीतलं पाणी
दोन्ही निम्म्यांना एकच उत्तर लावू नका. 400 मीटर म्हणजे 22 लांब्या, 528 स्लीपर, त्यातले बाद 175च्या आसपास. भरावावर निवडून बदला. खोदाईत मात्र रूळ उचलल्याशिवाय गत्यंतर नाही. खाली चिकणमाती आहे, प्रत्येक चाकागणिक स्लीपर दबतो आणि पाणी माती घेऊन वर येतं. खडीतल्या फटी बुजल्या की पाणी तुंबतं, स्लीपर अधांतरी लटकतो. अशा जागी नवा स्लीपर घालणं म्हणजे पैसे चिखलात घालणं.

पण रुळांना हात लावण्याआधी पाण्याची वाट मोकळी करा. उताराच्या खालच्या टोकाला जुनी मोरी किंवा नळाचं तोंड शोधा आणि तिथून वर सरकत गाळकुंड्या, गटारं उपसा. वरून सुरू केलंत तर उपसलेला गाळ खालच्या नळात जाऊन बसतो. गटाराचा तळ खडीखालच्या मातीच्या पातळीपेक्षा खाली हवाच. मग रूळ उचलून मळलेली खडी काढा, मातीला गटाराकडे ढाळ द्या, त्यावर जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड), त्यावर 28 ते 50 मिमीची स्वच्छ ग्रॅनाइट खडी. 200 मीटर लांब, 3.3 मीटर रुंद, 300 मिमी जाड म्हणजे जवळपास 200 घनमीटर, वजनात सुमारे 300 टन. खांद्यांची, म्हणजे स्लीपरच्या टोकांबाहेरची, खडी वेगळी धरा.

झाडतोड मार्च ते ऑगस्ट टाळा, पक्ष्यांची घरटी असतात. भरावात बॅजरची बिळं दिसली तर परवान्याशिवाय फावडं लावू नका, त्याला 1992चा कायदा आहे. जपानी नॉटवीड हे तण असलेली माती दुसरीकडे टाकू नका. मुळाच्या तुकड्यातूनही ते उगवतं.

पहार
भरावावरच्या कामाचं सांगतो. आधी खडूने खुणा करा. हातोडीचा आवाज बद्द आला, किंवा चेअरचा स्क्रू नुसता फिरतो पण आवळत नाही, तर स्लीपर बाद. वरून धडधाकट दिसणारे पुष्कळ स्लीपर चेअरखाली कुजलेले असतात, तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका. सगळे बाद एकदम बदलणं जमणार नसेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंचे स्लीपर पहिले घ्या, मग जिथे दोन बाद स्लीपर शेजारी आलेत ते. एकटा बाद स्लीपर दोन चांगल्यांच्या मध्ये काही काळ निभतो. शेजारचे दोन गेले की मात्र गेज पसरतं.

बदलताना एका बाजूची खडी स्लीपरच्या तळापर्यंत काढा, चाव्या ठोकून काढा, स्क्रू सोडवून चेअर मोकळ्या करा, रूळ जॅकने चेअर निघेल एवढाच उचला आणि स्लीपर आडवा ओढा. जास्त उचललंत तर शेजारच्या स्लीपरखाली खडे घरंगळतात आणि तिथे कायमचा उंचवटा बसतो. नव्या स्लीपरला एका बाजूची चेअर पक्की करा, दुसरी गेजपट्टी लावून मगच भोकं पाडा. पॅकिंग, म्हणजे स्लीपरखाली खडी ठासणं, रुळाखाली दोन्ही अंगांनी घट्ट, मधल्या भागात सैल. मध्ये ठासलंत तर स्लीपर मधोमध टेकून दोन्ही टोकं डुलतात, शेवटी मोडतो. पहिल्या काही गाड्यांनंतर पुन्हा पॅकिंग लागणारच, तेवढी माणसं राखून ठेवा.

जुने क्रिओसोटचे (लाकूड टिकवणारं डांबरी तेल पाजलेले) स्लीपर शेकोटीत घालू नका, धूर विषारी असतो.

सांधेजोड
दोघांचंही पटतं, फक्त उन्हाळ्याचं कुणी बोललं नाही. 60 फुटी रूळ 30 अंश तापमानवाढीला 6 मिमीहून थोडा जास्त लांबतो. साधारण हवेत सांध्यात 6 मिमीचा शिम (पातळ पट्टी) ठेवून फटी राखा. फिशप्लेट (सांध्यात दोन रूळ जोडणारी पट्टी) काढून वायरब्रशने घासा, मधल्या भागात तडा आहे का भिंग लावून बघा, ग्राफाइट ग्रीस लावून बसवा. चार बोल्ट जीव काढून आवळले की सांधा जखडतो, रुळाला सरकायला जागा उरत नाही आणि कडक उन्हात लाइन बाजूला फुगते. म्हणून खडी उकरायचं काम गार दिवसांत उरका. ओकच्या चाव्या कोरड्या हवेत आकसून गळतात. उन्हाळ्यात गाडी सोडण्याआधी हातोडी घेऊन माणूस चालत जायलाच हवा.

काळी माती
हे आपल्या यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर शकुंतलेच्या 762 मिमी लाइनला लागू पडेल का?

मोरीतलं पाणी
पाण्याचा भाग जसाच्या तसा. चेअर-चावीचा नाही, कारण तिथे सपाट तळाचा रूळ थेट स्लीपरवर बसतो. तिथे डोकेदुखी काळ्या मातीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भराव दरवर्षी हलतो. खडीखाली दाबलेल्या मुरुमाचा थर देऊन बाजूची गटारं पावसाळ्याआधी मोकळी हवीत.

घाटवाट
उपकार झाले. या शनिवारी खालच्या टोकाची मोरी शोधायला घेतो. नळ सापडला पण फुटलेला निघाला तर?

मोरीतलं पाणी
आधी पाणी ओतून ते दुसऱ्या बाजूला किती निघतं ते बघा. वरची माती खचलेली दिसली तर उकरू नका. त्या जागी गाडी किंवा एक्स्कॅव्हेटर नेणं थांबवा आणि स्थापत्य अभियंत्याला दाखवा.