अल्प्राझोलामऐवजी क्लोनाझेपाम घ्यावे लागत आहे : अनुभवी मंडळींची मदत हवी आहे

नमस्कार. चिंताविकारासाठी मी बराच काळ अल्प्राझोलाम घेत होते आणि त्याने माझी घडी नीट बसली होती. परंतु ते मिळेनासे झाल्यामुळे डॉक्टरांनी ते टप्प्याटप्प्याने कमी करत क्लोनाझेपाम सुरू केले आहे. ही औषधे एकाएकी थांबवल्यास फिट येण्यापर्यंत मजल जाऊ शकते, म्हणून मात्रेत मी स्वतःहून काहीही बदल करत नाही आणि येथेही कोणी मात्रा सुचवू नये, ही विनंती.

माझी अडचण निराळी आहे. रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला अल्प्राझोलामला साधारण ११ तास लागतात, तर क्लोनाझेपामला ३० ते ४० तास. त्यामुळे गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात छातीवरचे दडपण उतरल्याची जी खूण मला पूर्वी मिळत असे, ती आता मिळतच नाही. सकाळी दात घासतानाही डोळे मिटतात आणि दुपारी मात्र तळहातांना घाम फुटून बोटे थरथरतात. हा जुन्या औषधाच्या माघारीचा त्रास आहे, मूळ चिंताच उफाळली आहे, की नव्या औषधाविषयीची धास्ती (तीही माझ्याकडे भरपूर आहे), हे मला उमगत नाही.

ज्यांना असा बदल नाइलाजाने करावा लागला, त्यांनी हा फरक कसा ओळखला? सकाळची गुंगी पुढे कमी झाली का? आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना उपयोगी पडतील अशा कोणत्या नोंदी रोज ठेवाव्यात?