शब्दचर्चा : ‘कोटमा’ आणि ‘पॅसिफिकेशन’

प्रश्न :
नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणांचा मराठी अनुवाद करताना दोन शब्दांपाशी मी अडलो आहे. गोऱ्या अधिकाऱ्याच्या कचेरीतील शिपायांना उमुओफिया या इग्बो जमातीच्या गावातले लोक ‘कोटमा’ म्हणतात. त्यासाठी पट्टेवाला म्हणावे, चपराशी की बेलीफ? तसेच अगदी शेवटच्या वाक्यात येणाऱ्या ‘पॅसिफिकेशन’ या इंग्रजी शब्दासाठी ‘शांतता प्रस्थापना’ योग्य ठरेल का?

प्रतिसाद :
‘कोटमा’ तसाच ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. ‘कोर्ट मेसेंजर’ या इंग्रजी शब्दांना इग्बो जिभेने घासून दिलेला हा आकार आहे, जसा आपल्याकडे ‘लॉर्ड’चा ‘लाट’ आणि ‘बॅरिस्टर’चा ‘बालिस्टर’ झाला. उमुओफियातील तंटे एग्वुग्वूंसमोर, म्हणजे मुखवटे धारण करून पूर्वजांच्या रूपाने येणाऱ्या ज्येष्ठांसमोर सुटत असत. माणसाला धरून नेऊन तुरुंगात ठेवणारा सरकारी शिपाई ही गोऱ्यांच्या राजवटीबरोबर आलेली वस्तू आहे आणि तिचे नावही तिच्याबरोबरच आले. ‘पट्टेवाला’ म्हटले की मराठी वाचकाला साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसलेला निरुपद्रवी माणूस दिसतो. कोटमा मात्र मोठ्या नदीकाठच्या उमुरूहून आलेला परका आहे, तो कैद्यांना मारतो, आणि त्याच्या राखी रंगाच्या चड्डीवरून कैदी त्याची हेटाळणी करणारे गाणे म्हणतात. साहेबाने २०० पोती कवड्यांचा दंड ठोठावला असता हेच लोक गावाकडून २५० पोती मागतात. कादंबरीचा नायक ओकोन्क्वो याचा कोयता अखेरीस पडतो तो साहेबावर नव्हे, शिपायांच्या मुख्यावर. हे सारे ज्या शब्दाभोवती घडते, तो शब्द बदलून कसे चालेल?

मात्र शब्द ठेवला तरी तो मराठीच्या नियमांनी चालवावा, ‘चष्मा’प्रमाणे : एक कोटमा, अनेक कोटमे, कोटम्याने, कोटम्यांना. इंग्रजी शब्द इग्बो लोकांनी जसा आपल्या तोंडात बसवून घेतला, तसाच तो आपणही बसवून घ्यावा.

‘पॅसिफिकेशन’चे गणित उलटे आहे. ओकोन्क्वोने गळफास घेतल्यावर तो गोरा जिल्हाधिकारी मनाशी विचार करतो की या माणसावर आपल्या नियोजित पुस्तकात एखादे प्रकरण, निदान एक परिच्छेद तरी लिहिता येईल, आणि मग त्या पुस्तकाचे नाव येते : ‘द पॅसिफिकेशन ऑफ द प्रिमिटिव्ह ट्राइब्ज ऑफ द लोअर नायजर’. पंचवीस प्रकरणे ज्याच्या घरात, शेतात, भीतीत आपण वावरलो, तो माणूस तिथे परिच्छेदापुरता उरतो. येथे ‘दमन’ लिहिले तर अधिकारी स्वतःच स्वतःवर आरोप करील, जे तो कधीच करणार नाही. ‘शांतता प्रस्थापना’ लिहिले तर वाचकाला त्यामागची हिंसा ऐकू येणार नाही. मी ‘बंदोबस्त’ सुचवीन. हुकूम देणाऱ्याच्या दृष्टीने तो चोख व्यवस्था असतो, आणि ‘त्याचा बंदोबस्त करा’ असे ज्याच्याविषयी म्हटले जाते, त्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. १८१८ नंतर कंपनी सरकारने खानदेशातील भिल्लांना काबूत आणण्याचे जे धोरण राबवले, ते सांगतानाही हा शब्द अनोळखी वाटत नाही.

प्रतिसाद :
‘बंदोबस्त’ मला पटला, परंतु आज तो ऐकला की मिरवणुकीचा पोलीस बंदोबस्त आधी आठवतो. शीर्षकात तो एकटा उभा राहिला तर अर्थ पातळ होईल. ‘खालच्या नायजर खोऱ्यातील रानटी टोळ्यांचा बंदोबस्त’ असे पूर्ण नाव आले की ती शंका उरत नाही. ‘रानटी’ऐवजी ‘आदिम’ घेण्याचा मोह होईल, तो टाळावा. ‘आदिम’ हा आजच्या अभ्यासकाचा सौम्य शब्द आहे आणि हे पुस्तक त्या अधिकाऱ्याचे आहे.